लोहगाव ते गुवाहाटी

तिकिटावर छापलेलं असतं : पावणेसात तास.
मधे कलकत्त्याला विमान बदलायचं, तेही धरून.
किलोमीटर छापत नाहीत. मी एकदा विचारलं,
तर यशोधनने मोबाईलमध्ये बघून सांगितलं,
सरळ रेघ मारली तर एकवीसशेच्या आसपास.

सरळ रेघ.
मी लेंगऱ्यातून गाडी काढतो तेव्हा
पहिल्या तीनशे फुटांत चार वळणं,
एक उघडं गटार,
आणि साळुंख्यांच्या गोठ्यापुढं आडवी झोपलेली म्हैस.

आमच्याकडची माणसं गलाईला गेलेली.
कुणी अमृतसर, कुणी मदुराई, कुणी थेट आसाम.
दुसऱ्यांचं सोनं गाळून देतात,
मे महिन्यात गावच्या जत्रेला येतात
आणि मला विचारतात, "सर्जेराव, किती वाजता निघावं?"
मी कधी विमानात बसलो नाही.
पण नऊ दहाचं विमान असलं
की रात्री दोनला निघायचं, एवढं पक्कं.
विटा, कराड, सातारा,
मग मागच्या सीटवर सगळे झोपतात.

खंबाटकीच्या घाटात साडेचार वाजले होते.
पुढं काळोख, ट्रकांचे लाल दिवे.
यशोधनचा पोरगा एकटा जागा, म्हणाला,
"काका, आमच्याकडं आत्ता उजाडलं."
मी म्हटलं, तुमच्याकडं म्हणजे?
तो नुसता बाहेर बघत राहिला.
घड्याळ दोन्हीकडं एकच,
सूर्य मात्र तिकडं दीड तास आधी कामाला लागतो.
हे मला माहीत नव्हतं. तोंडी हिशेब करत
मी खंडाळ्याच्या बाजूला उतरलो.

विमानतळावर त्यांना सोडून चहा घेत होतो,
तर यशोधन गेटातून हात हलवतोय,
पलीकडून शिपाई त्याला आत ढकलतोय.
बरणी.
कैरीचं लोणचं, हातातल्या पिशवीत ठेवलेलं.
तेल चालत नाही म्हणे वरती.
"आईला सांगू नका," एवढंच बोलला.

एक परतीचं भाडं मिळालं, इस्लामपूरचं.
चार वाजता लेंगऱ्यात पोचलो
आणि त्याच मिनिटाला त्याचा फोन : उतरलो.
म्हणजे बघा,
तो एकवीसशे किलोमीटर, मी दोनशे,
दोघं एकदमच पोचलो.
इंदूकाकी दारात उभी. विचारलं नाही काही,
फक्त गाडीत वाकून बघितलं,
काही राहिलं का, म्हणून.
राहिलं होतं. ड्रायव्हरच्या सीटखाली, जुन्या टॉवेलात.
मी म्हटलं, काही नाही काकी.

बरणी आमच्या माळ्यावर ठेवली.
बायको म्हणाली, चोरीचं लोणचं ठेवलंय घरात.
पावसाळ्यात दोनदा तिने तेल वर आलंय का बघितलं,
झाकणाला कापड बदललं,
चमचा मात्र कधी घातला नाही.

दसऱ्याला धाकटा आला, प्रतापसिंह.
विट्यात पालख्यांची शर्यत बघितली,
आठवड्याने परत निघाला.
या वेळी मी बरणी आधीच
पोटात जाणाऱ्या बॅगेत घातली,
दोन पँटींच्या मधे, वर त्याच्या आईची शाल.
त्याला म्हटलं, वजन झालं तर चपला काढ, ही नको.

तिसऱ्या दिवशी यशोधनचा फोन आला काकीला.
मी तिथंच होतो, डिझेलचे पैसे घ्यायला.
स्पीकरवर म्हणाला,
"आई, औंदाचं लोणचं मुरलंय बघ चांगलं.
मागच्या खेपेपेक्षा."
काकी माझ्याकडं बघायला लागली.
मागच्या खेपेचं तर हेच होतं.

मी पैसे मोजायला घेतले, दोनदा चुकलो.
लोहगाव ते गुवाहाटी
माणसाला पावणेसात तास,
बरणीला चार महिने अकरा दिवस.
काकी आत गेली. पितळेचं ताट वाजलं.
"सर्जा," आतून म्हणाली,
"जेवूनच जा. फोडी काढल्यात तुला."